श्री. मांजरीकर यांस

विश्रांतवाडी, पुणे
८ फेब्रुवारी १९९९

चि. आम्रपाली हिस,
अनेक आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम.

तुझं पत्र शनिवारी पोचलं. आईने पोस्टमनला पाणी दिलं आणि मला चष्मा. तुला ठाऊकच आहे, ती पत्र कानाने वाचते. मी जयभीम म्हणेपर्यंत पदर सावरून बसते, तो ऐकला की मग पुढचं ऐकायला तयार होते. विहारात मुक्ताई घेते त्या साक्षरता वर्गातून पहिल्याच धड्यानंतर पळून आली नसती तर आज माझी ही नोकरी गेली असती. कारखान्यातून निवृत्त झालो, पण या कामातून सुटका दिसत नाही.

वसंताची सुट्टी हा प्रकार समजला. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मी उमेदीची सगळी वर्षं काढली. दर वर्षी वसंत येऊन जात असणार, पण सुट्टीचं काही बोलल्याचं आठवत नाही. मैत्रिणींबरोबर शिकागो पाहायला जाणार असशील तर अवश्य जा. तरुणपणी शहरं पाहून घ्यावीत, नंतर दवाखाने पाहावे लागतात.

दवाखान्याचंच लिहायचं आहे. आईच्या हृदयाची झडप अरुंद झाली आहे हे तुला सांगितलं होतं. आता डॉक्टर म्हणतात की उन्हाळ्यापलीकडे थांबू नका. जिना चढताना ती मध्येच बसते आणि मला सांगते की पायरी पुसत होते. ऑपरेशनला नाही म्हणत नाही, पण अनिरुद्ध आल्यावर करू म्हणते. तो येईल, हाताला हात लावेल, मग मी टेबलावर चढेन, एवढं एकच धरून बसली आहे. तुझ्या दादाचं शेवटचं पत्र येऊन वर्ष उलटून गेलं. त्याचा फोन बंद आहे. ज्या कंपनीने त्याला तिकडे नेलं ती म्हणते, तो सोडून गेला. शेवटचा पत्ता शिकागोजवळचा आहे, तो मागे लिहून दिला आहे. सुट्टीतला एक दिवस त्याच्यासाठी काढ. भेटला तर एवढंच सांग की घरात कोणी रागावलेलं नाही, आईला वेळ कमी आहे, ये.

फोनवर हे बोलता आलं असतं. पण शेजाऱ्यांच्या घरात उभं राहून तीन मिनिटं आई रडते, तिकडे तू रडतेस, आणि बिल बोलल्याचं येतं.

लसणाची चटणी संपली का, असं आईने विचारलं आहे. आमच्यावर जीव आहे तसाच राहू दे.

तुझे बाबा,
सीताराम ओव्हाळ


इलिनॉय
१ मार्च १९९९

ती. बाबा आणि आईस,
सविनय जयभीम.

बाबा, आधी तेवढं मोठ्याने म्हणा, मग पाणी पिऊन पुढे वाचा. आई, चटणी संपली. मी एकटीने संपवली नाही, माझ्या खोलीत राहणाऱ्या वल्लरीनेही हात मारला. ती सदाशिव पेठेतली आहे. प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन, वाळवून, घडी करून ठेवते, आणि मी एक फेकली तर दिवसभर माझ्याशी मोजकं बोलते. पण जीव लावते. मला ताप आला होता तेव्हा रात्रभर जागली.

शिकागोला आम्ही तिच्या मामांकडे उतरणार आहोत. गोपाळकृष्णमामा आणि सुहासिनीमामी तिकडे वीस-पंचवीस वर्षं आहेत. त्यांची मुलगी निकिता तिकडेच वाढली, जूनमध्ये तिचं लग्न आहे. मुलगा पुण्याचा इंजिनियर, आडनाव मांजरीकर. मी वल्लरीला म्हटलं की आमचं मूळ गाव मांजरीच आहे. आमचे बाबा म्हणतात तिथे उसावर संशोधन होतं आणि बाकी काही होत नाही, मग हा साहेब कुठून उगवला. ती म्हणाली, पाडव्याला जेवायला येणार आहे, तूच विचार.

आई, हसू नकोस, आता कामाचं सांगते. दादाला टाकलेलं पत्र परत आलं. तरी मी त्या पत्त्यावर जाऊन येईन. मामा तिकडच्या महाराष्ट्र मंडळात आहेत, मराठी माणूस त्यांना ठाऊक नाही असं होत नाही म्हणे. दादा सापडेल. ज्याने मला सायकलच्या दांडीवर बसवून खडकी स्टेशनला गाड्या दाखवायला नेलं, तो असा हरवणार नाही. मी त्याला कान धरून फोनवर आणते. तोवर तू जिना पुसणं बंद कर.

माया केलीत तेवढी करत राहा.

तुमची,
आम्रपाली


इलिनॉय
२३ मार्च १९९९

ती. बाबा आणि आईस,
सविनय जयभीम.

शिकागो पाहून आले. आई, तिथलं तळं एवढं मोठं आहे की पलीकडचा काठ दिसत नाही, आणि त्याला लाटा येतात. काठाशी अजून बर्फ होता. एका उंच इमारतीवर चढलो, लिफ्टने, पुसायला पायऱ्या नव्हत्या. पोचलो त्या दिवशी कसला तरी सण होता म्हणून त्यांनी नदीच हिरवी रंगवली होती. बाबा म्हणतील, आमची मुळा तर फुकटात हिरवी असते.

मामींनी पाडव्याला पुरणपोळी केली होती. पोळी जाड होती, पण मी तीन खाल्ल्या.

दादाच्या पत्त्यावर गेले होते. तिथे दुसरी माणसं राहतात, त्यांना काही ठाऊक नाही. चौकशी चालू ठेवते. आई, तू मात्र त्याच्यासाठी थांबू नकोस. डॉक्टर सांगतील तेव्हा ऑपरेशन करून घे, माझी शपथ.

आठवण काढत जा, मीही काढते.

तुमची,
आम्रपाली


इलिनॉय
२३ मार्च १९९९

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

हे पत्र मुद्दाम विहारातल्या वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी आलेलं पत्र तुम्हाला मोठ्याने वाचावं लागतं. घरच्या पत्त्यावर वेगळं टाकलं आहे, त्यात नुसतं शहर आहे, ते आईला वाचून दाखवा. हे बसून वाचा.

दादा भेटला.

पाडव्याच्या संध्याकाळी मी आणि वल्लरी पानं मांडत होतो. निकिताचा होणारा नवरा आला, बूट काढायला वाकला, आणि मी त्याला पाठीवरूनच ओळखलं. हातातलं ताट ठेवून पुढे झाले. दादा म्हणून हाक मारणार तेवढ्यात त्याने मला हात जोडले आणि विचारलं, आपण पुण्यात कुठल्या. बाबा, मला आपण म्हणाला. मी म्हटलं विश्रांतवाडी. त्यावर म्हणाला, म्हणजे आळंदी रोडला का. मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला आजही सांगता येत नाही. निकिता शेजारी हसत उभी होती, आणि त्याचे डोळे मला गप्प राहा म्हणत होते. तुमची सायकल पाडून आणली होती ना त्याने, तेव्हा असेच झाले होते.

तो मांजरीकर म्हणजे दादा. मी ज्याची थट्टा केली तो.

ती माणसं वाईट नाहीत, हे आधी लिहिते. पहिल्या दिवशी मामांनी मला आडनाव विचारलं. ओव्हाळ म्हटल्यावर जरासे थांबले, मग छान, छान म्हणाले, आणि त्यानंतर माझ्याशी गरजेपेक्षा जास्त चांगले वागले. तेवढंच. ते थांबणं त्यांचं त्यांनाही कळलं नसेल. जेवताना मामी म्हणाल्या, तुम्हा दोघांच्या हनुवटीला अगदी एकसारखी खळी आहे, पुण्याच्या पाण्याचा गुण दिसतो. दादाचा घास हातातच राहिला. मी म्हटलं, असेल.

निघताना बूट घालता घालता तो हळूच म्हणाला, उद्या दुपारी तळ्याकाठच्या मत्स्यालयापाशी ये. मी गेले. आधी तो रडला, मग मी. त्याने सांगितलं की पहिल्या कंपनीने पुण्याच्या चार मुलांना एका घरात ठेवलं होतं. स्वयंपाकाच्या पाळ्या होत्या. एकाने खोदून खोदून आडनावाचा पत्ता लावला, आणि त्यानंतर दादाची पाळी असली की बाकीचे बाहेरून जेवून यायचे. भांडण नाही, शब्द नाही. ऑफिसात त्याच्या तोंडावर राखीव कोट्याचे विनोद व्हायचे. तो वर्गात पहिला यायचा हे तिथे कोणाला सांगणार. नोकरी बदलली तेव्हा त्याने वकिलाकडून नाव बदलून घेतलं, गावाचं लावलं. म्हणाला, नव्या ठिकाणी कोणी काही विचारलं नाही आणि मला झोप लागली. मला त्याचा राग येत होता आणि तो म्हणतो ते सगळं समजतही होतं. बाबा, ते समजणं जास्त वाईट.

मग मी आईचं सांगितलं. त्याने तोंड झाकून घेतलं. मग म्हणाला, मला येता येणार नाही. मी म्हटलं, आई आजारी आहे एवढं सांग आणि ये, आडनाव कोण विचारतंय. तेव्हा त्याने खरं कारण सांगितलं.

कसं लिहू. त्याने त्यांना सांगितलंय की त्याला आईवडील नाहीत. आळंदी रस्त्यावर अपघातात दोघं एकदम गेले. तुम्ही आहात म्हटलं असतं तर मामा पुण्याला आल्यावर तुम्हाला भेटायला आले असते, भिंतीवरचे फोटो पाहिले असते. म्हणून. लग्नाची पत्रिका छापून झाली आहे, तुमच्या दोघांच्या नावांआधी कै. आहे. नावं बरोबर आहेत, फक्त तेवढं जास्तीचं आहे.

आईला काय सांगू, असं मी विचारलं. सापडलो नाही म्हण, म्हणाला. तसंच घरच्या पत्रात लिहिलं आहे. मी त्याला भित्रा म्हटलं आणि निघून आले. मागे वळून पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

तुम्ही सांगा आता काय करायचं ते.

तुमची,
आम्रपाली


विश्रांतवाडी, पुणे
६ एप्रिल १९९९

चि. आम्रपाली हिस,
आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र वाचनालयात बसून वाचलं. माझं निधन झाल्याचं कळवलंस ते बरं केलंस, परस्पर वर्तमानपत्रात वाचलं असतं तर वाईट दिसलं असतं. अपघातासाठी त्याने निदान घराजवळचा रस्ता निवडला. मी अजून दोन्हीकडे पाहून तो ओलांडतो, ते आता सोडायला हरकत नाही.

एवढं लिहून दोन दिवस पेन ठेवून दिलं. विनोद जमत नाही आहे.

माझ्या वडिलांना गावात आडनाव नव्हतं, नुसती हाक होती. क्वार्टर मिळाली तेव्हा दाराची पाटी मी स्वतः रंगवली. शेजारच्या सगळ्या पाट्यांपेक्षा मोठ्या अक्षरात ओव्हाळ लिहिलं, साहेबाने हसून विचारलं की दुकान काढलं का. ते नाव मी त्या पोराच्या हाती दिलं होतं. त्याने ते टाकून दिलं म्हणून मी रात्री उठून बसतो. मग ती स्वयंपाकाची पाळी आठवते. कारखान्यात पहिली काही वर्षं डबा उघडला की माझ्या बाकावर दोन्ही बाजूंना जागा मोकळी व्हायची. मला वाटलं होतं, मी सोसलं आणि ते संपलं. मग राग कोणावर काढायचा ते कळत नाही. मला मारलं ते एक वेळ चालेल. तिला कशाला मारलं, ती त्याची वाट बघत जिवंत आहे.

मी मला सुचलं तसं केलं आहे. तुझं घरचं पत्र आईला वाचून दाखवलं, आणि दोन दिवसांनी सांगितलं की तुझा फोन आला होता, अनिरुद्ध सापडला. कामात आहे, कागदपत्रं अडकली आहेत, मोकळा झाला की येईल, तोवर ऑपरेशन करून घे म्हणतो. तिने एवढंच विचारलं की जयभीम म्हणाला का. मी म्हटलं, सगळ्यांत आधी तेच म्हणाला. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग भाकरी टाकायला उठली. गळी उतरलं असावं. फोन झाला तर तूही हेच सांग.

तब्येत सांभाळ. आम्हाला आता तूच आहेस, हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

तुझे बाबा


शिकागो
९ एप्रिल १९९९

प्रिय आमू,
अनेक आशीर्वाद.

तू मला भित्रा म्हणालीस. ठीक आहे, आहे. पण एकदा शेवटपर्यंत ऐक.

तू गेल्यापासून मी ट्रॅव्हल एजंटला फोन लावतो आणि ठेवून देतो. निकिताला म्हटलं की पुण्याला एक जुने नातेवाईक आजारी आहेत, आठवडाभर जाऊन येतो. ती म्हणाली, मीपण येते. आणि म्हणाली की तुझे आईबाबा जिथे गेले त्या जागेवर मला फुलं ठेवायची आहेत. रडत होती ती, आमू. खरं रडत होती, माझ्या आईसाठी, तिने न पाहिलेल्या. तिला मी कुठे नेऊ. विश्रांतवाडीच्या चौकात उभी करून कुठला दगड दाखवू.

सुरुवातीला वाटलं होतं, लग्न झालं की हळूहळू खरं सांगू. आडनावाचं सांगता आलं असतं. तिला कदाचित काही वाटलंही नसतं, ती इथे वाढली आहे. पण मेलेली माणसं परत कशी आणायची. निकिताच्या बाबांनी एकदा एकदम आईवडिलांचं विचारलं आणि माझ्या तोंडून अपघात निघून गेला. एक वाक्य होतं. आता त्यावर पत्रिका छापली, त्यांनी माझ्या हातून आईबाबांच्या नावाने एका अनाथाश्रमाला जेवण दिलं. मी तिथे हात जोडून उभा होतो.

रोज सकाळी आरशात बाबांची हनुवटी दिसते. दाढी ठेवायला सुरुवात केली आहे.

ऑपरेशनचं मला कळव. माझ्या घरच्या पत्त्यावर लिहिलंस तर पाकिटावर मांजरीकर लिही. आणि प्लीज, आत वर जयभीम लिहू नकोस. टपाल कधी कधी निकिता उघडते.

आईला सांग की. नाही, काही सांगू नकोस.

लोभ ठेव असं म्हणायची माझी हिंमत नाही.

अनिरुद्ध


विश्रांतवाडी, पुणे
२० एप्रिल १९९९

चि. आम्रपाली हिस,
आशीर्वाद आणि जयभीम.

सोबत एक पत्र आहे. पोस्टाने पाठवू नकोस, त्याच्या हातात दे.

माझी लबाडी उघडी पडली. जयंतीच्या दिवशी संध्याकाळी आम्ही विहारातून परत आलो. आईने पांढरी साडीही बदलली नव्हती. डब्यातून अनिरुद्धची शेवटची दोन पत्रं काढून माझ्यापुढे धरली आणि वाचा म्हणाली. मी नेहमीसारखी जयभीमपासून सुरुवात केली. तिने कागदावर बोट ठेवलं आणि विचारलं, कुठे आहे ते दाखवा. मुक्ताईने पहिल्या धड्याला फळ्यावर तोच शब्द लिहिला होता. तेवढा एक तिला वाचता येतो, हे मी साफ विसरलो होतो. त्या दोन्ही पत्रांत तो नाही, पोरी. मी वाचताना घालत होतो, तिला बरं वाटावं म्हणून. ती ऐकून घेत होती, मला बरं वाटावं म्हणून. अनिरुद्ध येणार हे मी सांगितलं तेव्हाच तिला कळलं होतं की मी खोटं बोलतोय.

मग मी सगळं सांगितलं, अपघातासकट. रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, आता कोणाची वाट बघायची नाही तर तारीख घ्या. पौर्णिमेनंतरच्या सोमवारी ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात उशीर केलात, आता खात्री देत नाही. शनिवारी तू मला फोनवर अनिरुद्धच्या पत्रातलं जे सांगितलंस, त्या मुलीची फुलं आणि वर जयभीम लिहू नये ते, तिनेही माझ्याशेजारी उभं राहून, रिसिव्हरला कान लावून सगळं ऐकलं. घरी येऊन मला कागद घ्यायला सांगितलं.

पत्र तिचं आहे, अक्षर माझं. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही अशी ताकीद होती. वरचा मायना लिहिताना माझा हात अडला. उभ्या जन्मात त्या शब्दाशिवाय मी पत्र सुरू केलेलं नाही. ती म्हणाली, लिहा.

सोमवारी तू तिकडे नीट जेव. आम्हाला विसरू नकोस.

तुझे बाबा


पुणे
२० एप्रिल १९९९

श्री. मांजरीकर यांस,
स. न. वि. वि.

आपले आईवडील आळंदी रस्त्यावर अपघातात वारल्याचं आपल्या ओळखीच्या एका मुलीकडून समजलं. वाईट वाटलं. हे पत्र पाठवायला उशीर झाला, आम्हाला आत्ताच कळलं.

आपल्या आईला मी ओळखत होते. मांजरीची सून. बाई फार शहाणी होती असं नाही. मुलगा परदेशी निघाला तेव्हा चारचौघांत रडली नाही, पण त्याच्या उशीचा अभ्रा बरेच दिवस धुतला नाही. एवढीच तिची हुशारी. मरताना तिला त्रास झाला असेल असं मनात आणू नये. तिला कळलंच नाही, त्यानंतरही पुष्कळ दिवस ती चालत बोलत होती.

होणाऱ्या सूनबाई अपघाताच्या जागी फुलं ठेवायला येणार असं ऐकलं. त्यांना आणू नये. रस्त्याला गाड्या फार झाल्या आहेत, फुलं ठेवायला जागा नाही. शिवाय आपले वडील तिथे रोज भाजी घ्यायला जातात. मुलीचं मन मात्र चांगलं दिसतं. न पाहिलेल्या बाईसाठी रडली, तिला कधी दुखवू नये.

तिकडे थंडी असते. कान बांधून जात जा, बाळा. हा शब्द चुकून आला. लिहिणाऱ्या गृहस्थांनी खोडू का म्हणून विचारलं, मी राहू द्या म्हटलं.

माझं एक ऑपरेशन आहे. हे पत्र आपल्या हाती पडेल तोवर काय व्हायचं ते झालेलं असेल. दवाखान्यात नाव लिहून घेणाऱ्या बाईने विचारलं, मुलं किती. मी एक सांगितलं, मुलगी, परदेशात शिकते. हे गृहस्थ शेजारीच उभे होते. आपण तिकडे आई नाही म्हणून सांगितलं, मी इकडे मुलगा नाही म्हणून सांगितलं. रागाने नाही. एवढं मोठं खोटं एकट्याला उचलायला जड जातं, म्हणून एका बाजूने मी हात लावला.

पत्राच्या वर जे लिहायचं असतं ते आपली अडचण होऊ नये म्हणून लिहिलेलं नाही. सांगताना मी ते तोंडाने म्हटलं आहे. आपण दार लावून घ्यावं, तेवढं एकदा हळू म्हणावं, आणि मग पत्र फाडून टाकावं.

लोभ आहे. त्याला आता पत्ता नाही.

कळावे,
सुंदराबाई